प्रश्न तुमचे : लिग्युरियातल्या उभ्या शिळा, बेगोचे बैल आणि शिवेचे दगड

इटलीच्या वायव्य कोपऱ्यात, जेनोआच्या आखाताभोवती धनुष्यासारख्या वाकलेल्या डोंगररांगांमध्ये प्राचीन लिग्युरियन लोक राहत. त्यांचा मुलूख पश्चिमेला आजच्या फ्रान्समध्ये ऱ्होन नदीपर्यंत पोचत होता. तिथल्या उभ्या शिळा, कातळावरची चित्रं आणि पूजेच्या जागा यांवर मागच्या अंकात एक छोटं टिपण आलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांमधले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच विषयावरची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : या शिळांचं वय एका ठिकाणी पाच हजार वर्षं दिलेलं आढळतं, दुसरीकडे सव्वीसशे वर्षं. शिवाय दोन्हीकडे त्या ‘लिग्युरियनांच्या’च. नेमकं काय धरायचं? (नाशिक)

दोन्ही आकडे बरोबर आहेत, कारण शिळा दोन वेगळ्या काळांतल्या आहेत. चुकतं ते लोकांचं नाव लावताना. माग्रा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे लुनिजियाना या भागात, माणसाच्या आकाराच्या ८० हून अधिक शिळा मिळाल्या आहेत. त्यांतल्या बहुतेक ताम्रपाषाणयुगातल्या, इ. स. पू. चौथ्या-तिसऱ्या सहस्रकातल्या आहेत. थोड्या शिळा लोहयुगातल्या, इ. स. पू. सातव्या-सहाव्या शतकाच्या आसपासच्या आहेत.

‘लिग्युरियन’ हे नाव लेखनात येतं ते ग्रीकांमुळे. इ. स. पू. ६०० च्या सुमारास ग्रीकांनी मासालिया, म्हणजे आजचं मार्सेय, वसवलं आणि तिथल्या शेजाऱ्यांना ते या नावाने ओळखू लागले. म्हणजे पहिल्या शिळा उभ्या राहिल्या आणि हे नाव कोणी लिहून ठेवलं, या दोहोंत दोन हजार वर्षांहून जास्त अंतर आहे. त्या जुन्या लोकांची भाषा कोणती होती, ते स्वतःला काय म्हणवत, याचा एकही पुरावा हाती नाही. म्हणून लोहयुगातल्या शिळांना खुशाल लिग्युरियन म्हणा. जुन्यांना ‘लुनिजियानातल्या ताम्रपाषाणयुगीन शिळा’ म्हणणं लांबलचक असलं तरी खरं आहे. पर्यटनाच्या पत्रकांत हा भेद पाळला जात नाही आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

एक धागा मात्र दोन्ही काळांना जोडतो. काही जुन्या शिळा लोहयुगातल्या माणसांनी पुन्हा वापरल्या, त्यांवर नव्याने कोरलं. म्हणजे त्या तेव्हाही दिसत होत्या आणि कोणाला तरी महत्त्वाच्या वाटत होत्या. जागेचं पावित्र्य टिकलं असेल, अर्थ तोच राहिला असेल असं नाही.

प्रश्न : जूनमध्ये इटलीला जाणार आहोत. शिळा कुठे पाहाव्यात आणि त्यांत काय पाहायचं? संग्रहालयात सगळ्या सारख्याच दिसतात असं ऐकलं. (पुणे, तसंच ठाणे आणि दुबईहून)

पोन्त्रेमोली गावी जा. ला स्पेत्सिया ते पार्मा या रेल्वेमार्गावर हे स्टेशन लागतं. गावाच्या माथ्यावर पियान्यारो नावाचा किल्ला आहे आणि त्यात या शिळांचं संग्रहालय. ते आउगुस्तो चेझारे आंब्रोझी यांनी १९७५ मध्ये उभं केलं. पोंतेवेक्कियो इथे एकत्र मिळालेल्या नऊ शिळांचा प्रसिद्ध समूह पाहायचा असेल तर ला स्पेत्सियाच्या सान जॉर्जो किल्ल्यातलं संग्रहालय गाठावं लागेल. तिसरी जागा म्हणजे जेनोआचं पेल्यी उपनगर. तिथल्या दुराझ्झो-पाल्लाविचिनी वाड्यातल्या पुरातत्त्व संग्रहालयात झिन्यागोची शिळा आहे. ती १८२७ मध्ये सापडली आणि या शिळांची ओळख जगाला तिच्यापासून झाली.

सारख्या दिसतात, कारण लोक चेहरा पाहून पुढे सरकतात. त्याऐवजी आधी मान पाहा. डोकं धडातूनच वर आलेलं, मान नाही, चेहरा इंग्रजी ‘यू’ अक्षरासारख्या खोबणीत बसवलेला : हा ‘अ’ गट. डोकं धडापासून वेगळं, खाली मान आणि वर आडवी चंद्रकोर : हा ‘ब’ गट. ती चंद्रकोर पाहून इटालियन लोकांना त्यांच्या काराबिनिएरी पोलिसांची टोपी आठवते आणि बोलताना ते तसंच म्हणतात. डोकं गोल, शरीर बऱ्यापैकी सर्व बाजूंनी घडवलेलं, क्वचित पायही दाखवलेले : हा ‘क’ गट, लोहयुगातला. नंतर खांद्याची आडवी पट्टी, दोन्ही बाजूंनी उतरणारे हात, आणि पोटावर समोरासमोर आलेले बोटांचे पंजे, असं वरून खाली उतरत जा.

शेवटी वस्तू. ‘अ’ आणि ‘ब’ गटांतल्या पुरुषांच्या पोटाशी बहुधा एक खंजीर आडवा असतो. पातं त्रिकोणी, मुठीचं टोक अर्धगोल. हा तपशील सोडू नका, कारण शिळांचं वय मुख्यतः त्यावर ठरलं आहे. दगड कधी घडवला हे दगडावरून मोजता येत नाही. पण तसेच खंजीर उत्तर इटलीत ब्रेशाजवळच्या रेमेदेल्लो इथल्या दफनभूमीत मिळाले आहेत आणि ते इ. स. पू. २९०० ते २४०० च्या आसपासचे ठरतात. चित्रातलं हत्यार खऱ्या हत्याराशी जुळवून चित्राचं वय काढायचं, ही ती पद्धत. तिच्यात एक खोट आहे. खंजिराविना असलेल्या शिळेला, म्हणजे बहुतेक स्त्रीशिळांना, हा नियम थेट लागू होत नाही. त्यांचं वय शेजारच्या पुरुषशिळेवरून धरलं जातं. स्त्रिया स्तनांवरून आणि काही ठिकाणी गळ्यातल्या अलंकारावरून ओळखता येतात. काही शिळांवर ना हत्यार ना स्तन. त्या मुलांच्या असाव्यात की अर्धवट राहिल्या, यावर वाद आहे. ओढूनताणून कोणत्याही खणात त्यांना बसवू नये.

‘क’ गटात चित्र पालटतं. खंजीर जाऊन कुऱ्हाड, भाले, तलवार येते आणि काहींवर एत्रुस्कन, म्हणजे मध्य इटलीतल्या प्राचीन लोकांच्या, धाटणीच्या लिपीत अक्षरं येतात. झिन्यागोची शिळा त्यांतलीच.

जवळजवळ सगळ्या शिळा वालुकाश्माच्या आहेत आणि या दगडाचे थर सुटतात. त्यामुळे अनेकींची नाकं झिजलेली दिसतात, ती सगळीच कोणी फोडलेली नसतात. प्रकाश समोरून पडत असेल तर कोरीव रेषा दिसणार नाहीत. बाजूला, शिळेच्या कडेशी डोळा नेऊन तिरकं पाहा. फोटोही तसाच काढा.

प्रश्न : त्या मुळात कुठे आणि कशा उभ्या होत्या? (कोल्हापूर)

हाच सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, आणि बहुतेक शिळांच्या बाबतीत त्याचं उत्तर कायमचं हरवलं आहे. नांगरताना, पाया खणताना, भिंत पाडताना त्या मिळाल्या. शेतकऱ्याने ओढून बांधावर टाकली, गवंड्याने भिंतीत बसवली आणि संशोधक पोचला तेव्हा मूळची जागा सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

म्हणून १९०५ मध्ये फिवित्सानोजवळ पोंतेवेक्कियो इथे जे हाती लागलं ते मोलाचं आहे. तिथे चेस्टनटच्या रानात नऊ शिळा एका ओळीत, जमिनीत रोवलेल्या अवस्थेत मिळाल्या. त्यांत पुरुष होते, स्त्रिया होत्या आणि आकारही लहानमोठे होते. एकेकटी शिळा पाहून ‘ही देवी’, ‘हा सरदार’ असं म्हणणं सोपं असतं. नऊ जण ओळीने उभे दिसले की प्रश्नच बदलतो : हे कुळ आहे का? पूर्वजांची रांग आहे का? एकाच वेळी उभी केली, की पिढीगणिक एकेक भर पडत गेली? फिलेत्तोच्या रानातही अनेक शिळा जवळजवळ मिळाल्या, त्यावरून समूहाने उभं करणं हा अपवाद नव्हता असं दिसतं. बहुतेक शिळांखाली दफन मिळालेलं नाही, तेव्हा त्यांना थडगं समजण्याची घाई नको.

जागांचा एकत्रित नकाशा काढला तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. शिळा एकांतातल्या शिखरांवर नाहीत. खोऱ्यातल्या सपाट पायऱ्यांवर, ओढ्यांच्या संगमाजवळ, खिंडीकडे चढणाऱ्या वाटांच्या कडेला आहेत. जनावरं घेऊन वर जाणारा माणूस त्यांच्या समोरूनच जाणार, अशा जागी.

प्रश्न : या शिळा म्हणजे तिकडचे वीरगळच ना? (सातारा)

नाही. वीरगळ एका माणसाच्या एका मृत्यूची गोष्ट सांगतो. खाली लढाई, मध्ये अप्सरा, वर शिवपूजा, असा वाचायचा क्रम असतो. लुनिजियानाच्या शिळेवर प्रसंगच नाही, फक्त एक आकृती समोर पाहत उभी आहे. काळातही हजारो वर्षांचं अंतर आहे. नाव कोरलेल्या ‘क’ गटातल्या शिळा त्या मानाने वीरगळाच्या कल्पनेजवळ येतात, पण तेवढंच.

प्रश्न : चर्चच्या भिंतीत शिळा कशा काय? मूर्तिभंजनाचा काही पुरावा आहे, की तर्क? (मुंबई)

पुरावा आहे, तोही दगडावरच. फिलात्तिएरा गावच्या सान जॉर्जो चर्चमध्ये ७५२ सालचा एक लॅटिन मृत्युलेख आहे. लेओदेगार नावाच्या धर्मपुरुषाची स्तुती करताना, त्याने इथे मूर्तिपूजकांच्या नाना मूर्ती फोडल्या, असं त्यात लिहिलं आहे. लेखात ‘शिळा’ असा शब्द नाही, म्हणून त्या मूर्ती म्हणजे याच शिळा असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण त्याच गावाखालच्या मैदानात सोरानोचं जुनं चर्च आहे आणि तिथून अशा अनेक शिळा निघाल्या, काही बांधकामात वापरलेल्या.

वापरण्याचे दोन अर्थ निघतात. तयार, चौकोनी, लांब दगड गवंड्याला हवाच असतो. दुसरा अर्थ असा की जुन्या पूजास्थानावर नवं देऊळ बांधताना जुना देव पायाखाली घालायचा. कोणता अर्थ खरा हे शिळा भिंतीत कशी बसवली होती त्यावरून ठरवायला हवं : तोंड आत आहे की बाहेर, डोकं तोडलं आहे का, तोडल्याची कड ताजी आहे की आधीच झिजलेली. डोकं जुन्या काळीच तुटलं असेल तर भिंतीतल्या कडेवरही जुनी झीज दिसते.

प्रश्न : बेगो पर्वतावरच्या बैलांच्या चित्रांबद्दल सविस्तर लिहा. तिथे स्वतःहून फिरता येतं का? (औरंगाबाद, बेळगाव, आणि लंडनहून दोन पत्रं)

बेगो हे सागरी आल्प्समधलं २८७२ मीटर उंचीचं शिखर. भोवतीच्या दऱ्यांमध्ये, साधारण २००० मीटरच्या वर, हिमनदीने घासून गुळगुळीत केलेले हिरवट आणि जांभळट कातळ आहेत. त्यांवर हजारोंनी चित्रं आहेत, फ्रेंच मोजणीनुसार ३० हजारांहून जास्त. ताम्रपाषाणयुग ते कांस्ययुगाचा आरंभ, म्हणजे ढोबळ मानाने इ. स. पू. ३३०० ते १७००, हा त्यांचा काळ. हा भाग १९४७ पर्यंत इटलीत होता, आता फ्रान्समध्ये आहे. जुनी पुस्तकं आणि नवे नकाशे जुळत नाहीत ते त्यामुळे.

चित्रं कोरलेली नाहीत, ठोकलेली आहेत. गारगोटीसारख्या कठीण दगडाच्या टोकाने ठोके मारत छोटे छोटे खड्डे पाडायचे आणि ते एकमेकांना भिडवत आकृती भरायची. एकेक खड्डा काही मिलिमीटरांचा असतो. कातळाचा वरचा पापुद्रा रंगाने वेगळा असल्याने ताजी आकृती फिकट आणि उठून दिसली असणार. आज तोही रंग पालटला आहे.

सर्वांत मोठा गट शिंगांच्या चिन्हांचा. एक चौकोन किंवा आयत, त्यातून वर गेलेली दोन शिंगं : वरून पाहिलेलं जनावर. हे पाहताना मराठी शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला इतरांपेक्षा लवकर उमगतं, कारण पुढची पायरी ओळखीची आहे. अशी दोन शिंगंवाली चिन्हं शेजारी, त्यांना जोडणारी आडवी रेघ म्हणजे जू, जुवाच्या मधून मागे गेलेली लांब रेघ म्हणजे इसाड, आणि शेवटी नांगर. काही ठिकाणी मागे रुमणं धरलेला माणूसही आहे. माती पालथी न करणारा, नुसती चीर पाडणारा साधा लाकडी नांगर तो. पण २३०० मीटरांवर, जिथे आठ महिने बर्फ आणि बाकी खडक, तिथे नांगरट कुठून आली? कोणी तिथे नांगरत नव्हतं. खालच्या खोऱ्यातली शेती डोक्यात घेऊन माणसं वर आली होती.

का आली, यावर दोन मोठी मतं आहेत. १९६७ पासून इथली मोहीम चालवणाऱ्या आंरी द ल्युमले यांच्या मते हा पवित्र डोंगर होता : बेगो म्हणजे वादळाचा, पावसाचा वृषभदेव आणि त्याच्या जोडीला भूमाता. दुसऱ्या बाजूचे अभ्यासक म्हणतात, की उन्हाळ्यात गुरं घेऊन येणाऱ्या पुरुषांचं जग इथे दिसतं. गुरं, नांगर, खंजीर, लांब दांड्याची हत्यारं : जे कमावलं की माणूस मोठा होतो, ते सगळं. आमच्या मते देवाचं नाव ठरवणारं पहिलं मत पुराव्याच्या पुढे धावतं. कुठलंही चिन्ह ‘मी देव’ असं सांगत नाही. जागा निवडून, शतकानुशतकं तिथेच परत येऊन तेच तेच ठोकणं हा मात्र विधी आहे, त्याला कुणा देवाच्या नावाची गरज नाही. आजूबाजूच्या डोंगरांची नावं, सैतानाचं शिखर, चेटकिणीची दरी, वगैरे, पुरावा म्हणून वापरू नका. ती ख्रिस्ती काळातली आहेत आणि उन्हाळी दुपारी कडाडणाऱ्या विजांची भीती त्यांच्यामागे पुरेशी आहे.

पद्धतशीर नोंदींचं श्रेय क्लॅरन्स बिकनेल या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाला. तो बोर्दिगेरात राहायचा, १८९७ पासून दरवर्षी वर जाऊ लागला आणि १९१८ मध्ये वारला तेव्हा सुमारे १४ हजार चित्रांची नोंद झालेली होती. कातळावर कागद धरून मेण घासायचा आणि ठसा घ्यायचा, ही त्याची रीत. ती आता अजिबात करू नये, कारण घासण्याने पापुद्रा सुटतो. खडूने रेघा भरणं आणि फोटोसाठी पाणी ओतणं यांनाही तोच नियम.

आता जायचं कसं. निस किंवा व्हेन्तिमिल्याहून रोया खोऱ्यातली रेल्वे तांद आणि त्याआधीच्या सँ-दालमासला जाते. २०२० च्या ऑक्टोबरमधल्या वादळाने या खोऱ्यातले रस्ते वाहून गेले होते, तेव्हा निघण्याआधी रस्त्याची ताजी स्थिती विचारा. चित्रं मुख्यतः मेर्व्हेई आणि फाँतानाल्ब या दोन दऱ्यांत आहेत. मेश तलावापासून मेर्व्हेई दरीतल्या निवाऱ्यापर्यंत सुमारे तीन तासांची, साडेसातशे मीटर चढाची वाट आहे. फाँतानाल्बची वाट कास्तेरिनोहून सुटते, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला, विशेषतः मुलं बरोबर असतील तर, तीच बरी. नांगरांची चित्रंही तिकडेच भरपूर आहेत.

खुणा केलेल्या वाटेवरून स्वतःहून चालता येतं. संरक्षित भागात वाट सोडायची असेल तर परवानाधारक वाटाड्या लागतो. काठीच्या लोखंडी टोकाला रबरी टोपी हवी, उघडं टोक चालत नाही. राष्ट्रीय उद्यान असल्याने कुत्राही नेता येत नाही. जूनच्या मध्यापर्यंत अनेक कातळ बर्फाखाली असतात, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात गेलेले लोक ‘काहीच दिसलं नाही’ म्हणून परततात. जुलै ते सप्टेंबर हा खरा हंगाम. पहाटे निघा : सकाळच्या तिरप्या उन्हात ठोके दिसतात, भर दुपारी तोच कातळ कोरा वाटतो, आणि दुपारनंतर वीज होते. ‘टोळीचा नायक’ म्हणून ओळखलं जाणारं चित्र शोधत असाल तर अस्सल दगड तांदच्या संग्रहालयात आहे, वर प्रतिकृती आहे. आधी संग्रहालय, मग डोंगर, हा क्रम ठेवलात तर वर गेल्यावर डोळे तयार असतात.

प्रश्न : फिनालेजवळच्या कातळांवर वाट्या आणि पन्हळी आहेत, त्या बळीच्या रक्तासाठी होत्या असं एका चित्रफितीत सांगितलं. खरं आहे का? (नागपूर)

फिनालेचा दगड चुनखडीचा आहे आणि चुनखडी पावसाच्या पाण्यात विरघळते. साठलेलं पाणी खळगा रुंद करत जातं आणि भरून वाहताना एका बाजूला पन्हळ पाडतं. रक्ताविना, माणसाविना. ओळखायची खूण तळाशी आहे. निसर्गाच्या खळग्याचा तळ सपाट असतो, भिंत आतून पोखरलेली, वरची कड पुढे आलेली, आणि पन्हळ नेमकी उताराच्या दिशेने. माणसाने केलेली वाटी कटोरीसारखी गोल उतरते, साधारण तीन ते आठ सेंटिमीटर रुंद असते, रुंदीपेक्षा खोली कमी, आणि ती उभ्या कडेवरही असू शकते, जिथे पाणी साठणारच नाही. फिनालेच्या ‘चाप्पो’ म्हणवल्या जाणाऱ्या कातळांवर दोन्ही प्रकार एकत्र आहेत : मोठ्या कोंडी निसर्गाच्या, शेजारी माणसाने ठोकलेल्या वाट्या, क्रूस आणि पन्हळी. काही नैसर्गिक पन्हळी माणसाने वाढवल्याही असतील.

क्रूस दिसला की चित्र ख्रिस्ती काळातलं, अगदी दीडदोनशे वर्षांपूर्वीच्या गुराख्याचंही असू शकतं. रेघेचा छेद पाहा : लोखंडी टोकाने ओढलेली रेघ तळाशी टोकदार असते, दगडाने ठोकलेली उथळ आणि गोलसर.

तुम्ही नागपूरचे म्हणून एक जोड. जुनापाणीच्या शिळावर्तुळांमधल्या दगडांवर अशाच वाट्या आहेत, आणि एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांची युरोपातल्या वाट्यांशी तुलना करून नातं सुचवलं होतं. ते नातं टिकलं नाही. कठीण दगडावर दगड आपटला की वाटीच पडते, ती कुठेही पडते.

प्रश्न : लिग्युरियातल्या काही दगडांतून उत्तरायणाच्या शेवटच्या दिवशी सूर्य नेमका दिसतो म्हणतात. हे तपासायचं कसं? (इंदूर)

लेरीचीजवळच्या काप्रिओने टेकडीवर दगडांच्या फटीतून त्या सुमारास संध्याकाळी फुलपाखरासारखा प्रकाश पडतो. प्रकाश पडतो हे खरं आहे. तो कोणी मुद्दाम पाडला का, हा वेगळा प्रश्न, आणि तपास त्याचा करायचा.

लिग्युरिया ४४ अंश अक्षांशावर आहे. क्षितिज सपाट असेल तर तिथे २१ जूनला सूर्य उत्तरेपासून सुमारे ५६.४ अंशांवर उगवतो आणि तितक्याच अंशांवर पश्चिमेला मावळतो. इ. स. पू. ३००० मध्ये पृथ्वीचा आस थोडा जास्त कललेला होता, तेव्हा हा कोन ५५.५ च्या आसपास होता. फरक साधारण ०.९ अंश, म्हणजे सूर्यबिंबाच्या जवळजवळ दुप्पट. तेव्हा ‘आज अगदी नेमकं जुळतं’ हा पाच हजार वर्षांपूर्वीच्या हेतूचा पुरावा होत नाही. अरुंद फट आज नेमकी जुळत असेल तर तेव्हा ती चुकत होती.

दुसरी चूक क्षितिजाची. समोर डोंगर असेल तर सूर्य उशिरा दिसतो आणि तोवर दक्षिणेकडे सरकलेला असतो. या अक्षांशावर दर एक अंश उंचीमागे सुमारे १.१ अंश. लिग्युरियात दहा अंश उंच क्षितिज ही नित्याची बाब आहे, म्हणजे अकरा अंशांच्या आसपास फरक.

तिसरी चूक होकायंत्राची, आणि ती इथे फार होते. बेइग्वा डोंगरावरचा हिरवा सर्पेंटिनाइट दगड मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज बाळगून असतो, त्याच्यावर होकायंत्र ठेवलं की सुई भरकटते. मोबाइलमधलं होकायंत्रही तसंच. दिशा सूर्यावरून किंवा दूरची दोन ठिकाणं नकाशावर जोडून काढा.

चौथं म्हणजे मोजणी. शंभर दगड तपासून त्यातला एक जुळला तर बाकीच्या नव्व्याण्णवांची संख्याही सांगावी लागते. ती कोणी सांगत नाही.

प्रश्न : रानात उभा दगड दिसला तर तो प्रागैतिहासिक आहे की नाही, पाहून सांगता येतं? (डोंबिवली)

नुसता पाहून नाही. लिग्युरियाच्या उतारांवर हजारो पायऱ्यांची शेती आहे आणि तिथे उभ्या दगडाला अनेक कामं होती : द्राक्षवेलींचा आधार, वाटेची खूण, मालकीची शीव. पाहणारा दगडाची उंची पाहतो. पाहायला हवं ते बूड. खड्ड्यात रोवलेल्या शिळेच्या बुडाशी आधाराला पाचर मारलेले दगड असतात, आणि त्या खड्ड्यातला कोळसा किंवा खापर वय सांगतो. ते खणायचं काम मात्र पुरातत्त्व खात्याचं. इटलीत जमिनीतला पुरातन ठेवा सरकारच्या मालकीचा असतो. अचानक काही सापडलं तर २४ तासांच्या आत खात्याला किंवा गावच्या महापौराला कळवायचं आणि वस्तू जागची हलवायची नाही, असा कायदा आहे. हलवलेल्या शिळेचं काय होतं ते वर आलंच आहे.

प्रश्न : खुद्द लिग्युरियनांच्या पवित्र जागांबद्दल लेखी काही आहे का? त्यांचं स्वतःचं लेखन तर नाही. (पणजी)

रोमनांनी लिहिलेलं आहे, पण थोडं. आजच्या दियानो मारीनाच्या परिसरात, रोमन महामार्गावर, ‘लुकुस बोर्मानी’ नावाचा मुक्काम होता : बोर्मानुस देवाची देवराई. ‘लुकुस’ला मराठीत देवराईपेक्षा चांगला शब्द नाही. हा देव पाण्याशी, खळखळत्या झऱ्यांशी जोडला जातो.

दुसरा कागद धातूचा आहे आणि धार्मिक अजिबात नाही, तरी जागेबद्दल सर्वांत जास्त तोच सांगतो. १५०६ मध्ये जेनोआच्या मागच्या पोल्चेवेरा खोऱ्यात एक कांस्यपट सापडला. इ. स. पू. ११७ मध्ये जेनोआवाले आणि डोंगरातले लांगेन्सेस या लिग्युरियनांमध्ये शिवेचा तंटा होता. रोमहून आलेल्या दोघा मिनुचियुस बंधूंनी तो जागेवर जाऊन सोडवला, आणि निकाल ४६ ओळींत कोरला. सामाईक जमिनीपोटी लांगेन्सेसनी जेनोआला वर्षाला ४०० व्हिक्टोरियाती ही चांदीची नाणी द्यायची, असंही त्यात ठरलं आहे.

शीव सांगायची रीत पाहण्यासारखी आहे. अमुक झऱ्यापासून तमुक ओढ्याने खाली, ओढा नदीला मिळतो तिथून नदीने वर, मग सरळ लेमुरिनुस डोंगराच्या माथ्यावर, ‘तिथे खुणेचा दगड उभा आहे’. हे वाक्य पुन्हा पुन्हा येतं. पोस्तुमिया या रोमन मार्गाच्या दोन्ही अंगांना दोन दगड उभे असल्याचंही लिहिलं आहे. नेव्हियास्का, व्हिनेलास्का ही ओढ्यांची नावं लॅटिन नाहीत. ‘-आस्का’ हा प्रत्यय लिग्युरियनांचा मानतात आणि तो बोल्यास्कोसारख्या गावांच्या नावांत अजून आहे. आपल्याकडे ‘-वली’ दिसलं की मागे जुनी ‘पल्ली’ ओळखावी तसं.

या पटातले उभे दगड पूजेचे होते असं कुठेही म्हटलेलं नाही, आणि ते प्रागैतिहासिक शिळांचे वारस होते असंही म्हणू नये. पण एकही मोजमाप न वापरता, फक्त झरा, संगम, खिंड, माथा आणि उभा दगड एवढ्यांवर दोन गावांचं भांडण मिटतं, आणि ती सगळी ठिकाणं नावानिशी दोन्ही बाजूंना तोंडपाठ असतात. माग्रा खोऱ्यातल्या शिळाही अशाच संगमांपाशी आणि खिंडींच्या वाटांवर उभ्या होत्या. मूळ पट पेल्यीच्या त्याच संग्रहालयात, झिन्यागोच्या शिळेबरोबर, पाहायला मिळतो. पट पाहायला पाऊण तास ठेवा. अक्षरं बारीक आहेत.